दोनशे तीन चालींत मात

२ ऑक्टोबर २०१३, बुधवार

बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवताना मी एक वाक्य सर्वांत जास्त वेळा उच्चारलं असेल: नुसतं उत्तर नको, पायऱ्या दाखव. आता माझ्याच पायऱ्या दाखवायची वेळ आली आहे, म्हणून ही वही.

आमच्या बुद्धिबळ मंडळाला पंचाहत्तर वर्षं होत आहेत. सभासदांनी रचलेल्या कोड्यांची पुस्तिका निघणार आहे आणि पहिलं पान मला दिलं आहे. सतरा वर्षं मी एकच कोडं रचते आहे. निवृत्तीनंतर बायका बाग करतात, नातवंडं सांभाळतात. मला बाग नाही, आणि नातवंडांसाठी आधी जे काही करावं लागतं तेही मी केलं नाही. म्हणून मी एका काळ्या राजाला कोपऱ्यात कोंडलं. 'पांढऱ्याने खेळून दोनशे तीन चालींत मात.' काळ्याने काहीही केलं तरी त्याची सुटका नाही, आणि पांढऱ्याने काहीही केलं तरी ती मात एका चालीनेसुद्धा अलीकडे येत नाही. आली, तर कोडं फुटलं. फुटलेलं कोडं आणि फुटलेलं मडकं, दोन्हींची जागा उकिरड्यावर.

कल्पना सोपी आहे. पांढरा राजा पंधरा चालींची फेरी मारून होता त्याच घरात परत येतो. पटावर काही बदललेलं नसतं, फक्त खेळायची पाळी आता काळ्याची असते, आणि त्याला नाइलाजाने एक प्यादं पुढे ढकलावं लागतं. अशा तेरा फेऱ्या, मग आठ चालींत शेवट. माझ्या आयुष्याचं वर्णन म्हणूनही हे खपेल, फक्त त्यातल्या शेवटच्या आठ चाली अजून मला सापडलेल्या नाहीत.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे आंब्रुश आले. हाल्मोश आंब्रुश, वय चौऱ्याहत्तर, विधुर. आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवल्या. माझी वरची कवळी त्यांच्याच हातची. रचणाऱ्याने स्वतःचं कोडं स्वतः तपासायचं नसतं, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, असा आमच्यातला रिवाज. म्हणून आठ वर्षं दर बुधवारी ते येतात आणि एक फेरी तपासतात. तेरा बुधवारांत काम संपायला हवं. पण शेवटाशी आले की त्यांना तिसऱ्या फेरीबद्दल शंका येते आणि ते पुन्हा पहिलीपासून सुरू करतात. माणूस चिकाटीचा आहे, पण मंद.

जेवायला माशाचा रस्सा केला होता. आम्ही डॅन्यूबकाठचे लोक रश्श्यात शेवया घालतो. आंब्रुश मूळचे सेगेदचे, तिकडे हे पाप समजतात.

"रस्सा अप्रतिम, बाई. तेवढ्या शेवया नसत्या तर."

"शेवया नको असतील तर सेगेदला जा जेवायला."

"एवढ्या लांब? पोचेपर्यंत निवेल की."

आठ वर्षं हेच संभाषण. याचीही एक फेरीच झाली आहे म्हणायची.

५ ऑक्टोबर

ग्रंथालयात जाऊन त्युंदेला कोडं दिलं. पुस्तिकेची संपादक तीच. १९८१ साली मी तिला गणितात नापास केलं होतं. उत्तर बरोबर होतं, मधल्या तीन पायऱ्या गाळल्या होत्या.

"बाई, पुस्तिकेत येणारं प्रत्येक कोडं कॉम्प्युटरवर तपासून घेणार आहोत," ती म्हणाली. "जे पास होईल तेच छापायचं."

"माझंसुद्धा?"

"तुम्हीच शिकवलंत ना, वर्गात सगळ्यांना एकच नियम."

एवढ्या गोड आवाजात कुणी सूड घेतलेला मी पाहिला नव्हता. मग तिने सांगितलं की मॉस्कोत एका प्रचंड यंत्राने पटावर सातच सोंगट्या उरल्यावरच्या सगळ्या स्थिती मोजून काढल्या आहेत. त्यांत पाचशेहून अधिक चालींची अटळ मात निघाली. माझ्या सतरा वर्षांच्या दुपटीहून जास्त.

"आणि त्या चाली कुणाला समजतात का?" मी विचारलं.

"नाही हो. पहिल्या चारशे चाली तशाच का, हे मोठमोठ्या खेळाडूंनाही सांगता येत नाही म्हणे."

"मग मी त्या यंत्राला शून्य दिलं असतं. पायऱ्या आहेत, कारणं नाहीत."

"मला तरी उत्तराचे दोन मार्क द्यायचे होतेत, बाई," त्युंदे म्हणाली. बत्तीस वर्षं झाली, मुलगी विसरलेली नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

कोडं यंत्रावर चढवलं आहे हे ऐकून आंब्रुशचा चमचा अर्ध्यावर थांबला.

"कशाला? आपण तपासतोय की."

"आठ वर्षं तपासताय."

"मग घाई काय आहे? बाई, काढून घ्या ते परत. पुढच्या पुस्तिकेत द्या."

"पुढची पुस्तिका शंभराव्या वर्षी निघेल. तेव्हा मी सत्त्याण्णव वर्षांची असेन, आणि तुमची कवळी तोवर टिकायची नाही."

ते हसले नाहीत. मत्सर असावा, त्यांनी स्वतः आजवर अकरा चालींपलीकडे काही रचलेलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "मुलगी मागे लागली आहे, ज्योरला येऊन राहा म्हणून. एक डिसेंबरला गाडी घेऊन येते म्हणाली."

"उत्तम. ज्योरला दवाखाने चांगले आहेत."

"हो," ते म्हणाले. "दवाखाने आहेत."

ते गेल्यावर उरलेला रस्सा चाखला. त्यात मी दोनदा मीठ घातलं होतं. आंब्रुशनी पूर्ण वाडगा निमूट संपवला होता. सेगेदच्या माणसाला चव कळत नाही, हे पुन्हा एकदा सिद्ध झालं.

१८ ऑक्टोबर

यंत्र तीन दिवस चाललं. फुटलं.

एकशे पंच्याण्णव. नवव्या फेरीनंतर काळ्याचं एक प्यादं पुढे गेलेलं असतं, त्यामुळे त्याने रोखलेलं घर मोकळं होतं आणि पांढरा राजा त्या घरातून तिरका जाऊ शकतो. फेरी पंधराऐवजी तेरा चालींची. चार फेऱ्या, प्रत्येकी दोन चाली वाचल्या. दुसरीतल्या पोरालाही हा हिशेब जमेल. दिसली नाही ती फक्त वाट.

त्युंदेने कागद माझ्यापुढे उलटा ठेवला, मी मुलांचे पेपर उलटे ठेवत असे तसा. म्हणाली, "बाई, पुस्तिका तीस नोव्हेंबरला छापायला जाईल. तोवर दुरुस्त झालं तर पहिलं पान तुमचंच."

मी तिचे आभार मानले आणि छत्री तिथेच विसरून आले.

१९ ऑक्टोबर

काही नाही.

२१ ऑक्टोबर

काल दिवसभर दुरुस्ती शोधली. सापडली नाही. सतरा वर्षं आपल्याच घरात फिरत होते आणि मागचं दार उघडं होतं. मी मुलांना 'आंधळा आहेस का' असं विचारत असे. उत्तराची अपेक्षा नसे. आता ते माझ्याकडे आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

काल सुटीचा दिवस, आंब्रुश आले नाहीत. रागाच्या भरात मी आख्खा अक्रोड दाताखाली घेतला आणि कवळीचे दोन तुकडे केले. अक्रोड शाबूत.

आज तोंडाला रुमाल लावून त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांची जुनी हत्यारं अजून आहेत. सगळीकडे खोकी बांधून ठेवलेली. त्यांनी कवळीचे तुकडे घेतले, भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फुटलं ना? कवळी म्हणत नाही मी. कोडं. नवव्या फेरीनंतर."

मी यंत्राच्या निकालाबद्दल त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी "तुम्हाला कसं" असं काहीसं म्हणाले, पण वरच्या दातांशिवाय ते बदकासारखं वाजलं. मग गप्प बसले. गेल्या पन्नास वर्षांत मी इतका वेळ गप्प बसले नसेन.

"ती वही बघा," ते म्हणाले. "खिडकीतली, निळी."

तपासणीची वही. प्रत्येक बुधवारची तारीख, फेरी, शेरा. ११ मार्च २००९: 'दहावी फेरी. तिरकी वाट आहे. तेरा चाली.' त्यापुढच्या बुधवारी: 'तिसऱ्या फेरीबद्दल शंका. पुन्हा पहिलीपासून.'

साडेचार वर्षं!

"सांगितलं असतं तर तुम्ही ते चुलीत घातलं असतं," कवळीवर फुंकर मारत ते म्हणाले. "ते साठ चालींचं घातलंत तसं. मग बुधवारी मी कुठे गेलो असतो?"

कवळी वाळेपर्यंत मला उत्तर देता आलं नाही. ती बसवल्याबरोबर म्हणाले, "मंडळात गेला असता. बुधवारी मंडळ उघडं असतं."

"हो," ते म्हणाले. "मंडळ उघडं असतं. चावून बघा."

कवळी पहिल्यापेक्षा चांगली बसली आहे. पण हा माणूस साडेचार वर्षं माझ्याशी खोटं बोलला. मी त्यांना तसं सांगितलं आणि निघून आले. मंडळात जायला एवढं अवघड काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस

आईवडिलांच्या कबरीवर शेवंती ठेवायला गेले. दोन ओळी पलीकडे आंब्रुश त्यांच्या बायकोच्या, मार्गितच्या, दगडावरची पानं झाडत होते. मार्गितला जाऊन नऊ वर्षं झाली. दगडावर तिच्या नावाखाली त्यांचंही नाव कोरून ठेवलेलं आहे: जन्मसाल, मग एक आडवी रेघ, मग मोकळी जागा. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. दोन्ही नावं एकदम कोरली की स्वस्त पडतं.

मी त्यांच्याशी बोलणार नव्हते. पण त्यांची मेणबत्ती पेटेना आणि ज्याला काडी धरता येत नाही त्याला बघत राहणं माझ्या स्वभावात नाही. पेटवून दिली.

"हीही अटळ मातच, बाई," मोकळ्या जागेकडे बोट दाखवत ते म्हणाले. "चाली किती तेवढं ठाऊक नाही."

"तुमची फेरी फार हळू चालते," मी म्हणाले. "वेळ लागेल."

याला ते का हसले, कोण जाणे.

६ नोव्हेंबर, बुधवार

आले. मी जेवायला वाढलं, कारण रस्सा केलेलाच होता. आंब्रुशनी पटाशी बसून खिशातून एक काळं प्यादं काढलं आणि उजवीकडच्या कडेला ठेवलं. एवढंच.

बराच वेळ मी बघत राहिले. त्या प्याद्याने ती तिरकी वाट बंद होते. शिवाय त्याला स्वतःची एक चाल आहे, आणि ती काळा सर्वांत शेवटपर्यंत राखून ठेवतो. म्हणजे पांढऱ्याला आणखी एक फेरी मारावी लागते. तेराऐवजी चौदा. दोनशे तीन अधिक पंधरा.

"दोनशे अठरा," मी म्हणाले.

"दोनशे अठरा."

"हे कधी सुचलं?"

"दोन हजार दहा. नाताळच्या सुमारास."

"आणि इतकी वर्षं खिशात?"

"खिशात नाही. मार्गितच्या शिवणाच्या डब्यात."

एका प्याद्याने. सतरा वर्षं मी पटभर सोंगट्या हलवल्या, आणि या कवळीवाल्याने एक प्यादं ठेवलं. ज्याला मी मंद म्हणत होते त्याच्यापुढे आज मी 'ढ'. कोपऱ्यात उभं राहायची शिक्षा मीच कित्येकांना दिली. आज कोपरे मोजले, तर घरात चारच निघाले, त्यातले दोन कपाटांनी अडवलेले.

१३ नोव्हेंबर

प्रश्न नावांचा आहे. एकाचं फुटलेलं कोडं दुसऱ्याने सांधलं तर पटाखाली दोन्ही नावं छापतात, आधी रचणाऱ्याचं, मग सांधणाऱ्याचं. त्यानंतर ती कधीच वेगळी होत नाहीत. ते कोडं जगात कुठेही छापलं जावो, शंभर वर्षांनी का होईना, ही दोन माणसं तिथे शेजारी शेजारी.

१९९८ मध्ये माझं जुनं, साठ चालींचं कोडं फुटलं. आंब्रुशनी एक उंट एक घर सरकवून ते वाचवलं. मंडळाच्या चिटणीसांनी दोन नावं लिहिली. मी सगळ्यांसमोर म्हणाले की माझ्या सहीला जोडीदार लागत नाही, आणि घरी येऊन ते चुलीत घातलं. आंब्रुश तेव्हा फक्त म्हणाले, "चांगलं होतं हो ते." मला वाटलं, उंटाबद्दल बोलत आहेत.

आज ते आले तेव्हा मी काही विषय काढला नाही. त्यांनीही नाही. शेवयांबद्दलसुद्धा काही बोलले नाहीत. निम्मा वाडगा तसाच ठेवून लवकर गेले. खोकी बांधायची आहेत म्हणाले.

रस्सा बिघडला नव्हता. मी दोनदा चाखून पाहिला.

१९ नोव्हेंबर

स्वच्छ पांढऱ्या कार्डावर पट काढला. खाली लिहिलं: बोदोर एतेल्का. मग स्वल्पविराम द्यायचा की 'आणि' लिहायचं, यात पाऊण तास गेला. शेवटी 'आणि' लिहिलं. हाल्मोश आंब्रुश. केवळ अचूकतेसाठी. प्यादं त्यांचं आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ग्रंथालयात गेले. त्युंदेने कार्ड वाचलं, नावं पुन्हा वाचली आणि चष्मा काढून पुसू लागली. सर्दी झाली असावी.

"आत्ताच लावते यंत्राला. सोमवारपर्यंत निकाल. पहिलं पान रिकामं ठेवलंय, बाई."

"यंत्र नको," मी म्हणाले.

हे मी आधी ठरवलं नव्हतं. पण वाक्य बाहेर पडल्यावर त्याची कारणं मला सुचत गेली, आणि ती सगळी पटण्याजोगी होती. यंत्र सांगतं बरोबर की चूक. का, ते सांगत नाही. नवं प्यादं आल्यामुळे सगळ्याच फेऱ्या नव्याने बघायला हव्यात. हाताने. रिवाजाप्रमाणे. एका बुधवारी एक.

"पण बाई, चौदा बुधवार! तीस तारखेला छपाई आहे. तपासल्याशिवाय मला छापता येणार नाही. तुमचं पहिलं पान जाईल."

"गेलं तर गेलं. सतरा वर्षं ते माझ्याशिवायच होतं."

"आंब्रुशकाका तर एक तारखेला ज्योरला चाललेत ना?"

"तपासणी अर्धवट टाकून कुठे जातील? तुला मी तीन पायऱ्यांसाठी नापास केलं होतं. इथे दोनशे अठरा आहेत."

त्युंदे माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी फळ्यावर काही लिहिलं आहे आणि ते तिला पहिल्यांदाच कळतं आहे. मग म्हणाली, "नंबर देऊ का त्यांच्या मुलीचा?"

मुलीला फोन केला. परिस्थिती सांगितली: नाताळ आणि नववर्षाचे दोन बुधवार वगळले तर काम १२ मार्चला संपेल, त्याआधी तुमच्या वडिलांना नेता येणार नाही. "आणि मार्चमध्ये त्यांना काही शंका आली तर?" तिने विचारलं.

"तर पुन्हा पहिलीपासून," मी म्हणाले. "नियम आहे."

तीही हसली. या घराण्यात कारण नसताना हसायची खोड दिसते.

संध्याकाळी आंब्रुशना हे सगळं मुद्देसूद सांगितलं. त्यांनी काहीच मुद्दा मांडला नाही. कार्ड हातात घेतलं, भिंग डोळ्याला लावलं आणि खालची ओळ इतका वेळ वाचत बसले, जणू तिच्यातही कुठे तिरकी वाट आहे का ते शोधत होते.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी त्युंदे छत्री परत द्यायला आली. बरोबर एक बंद लिफाफा. यंत्राला लावल्यावाचून तिला राहवलं नाही म्हणे. "आत निकाल आहे. छापत नाहीये मी. हवा तेव्हा उघडा, बाई, नाहीतर नका उघडू."

लिफाफा जाड आहे. चार घड्या घातल्यावर पटाच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली नेमका बसला. हे टेबल गेली आठ वर्षं हलत होतं.

शेवया आज वेगळ्या वाडग्यात काढून ठेवल्या, ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात म्हणून. आंब्रुशनी वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन चमचे शेवया आपल्या रश्श्यात घातल्या.

"कशा आहेत?"

"भयंकर," ते म्हणाले आणि आणखी एक चमचा घेतला.

मग पहिली फेरी. अकराव्या चालीवर आंब्रुश अडले. हनुवटी हातावर ठेवून पटाकडे बघत राहिले. बारावी चाल मला पाठ आहे. मी सांगितली नाही.